त्यानं जाळलेला कचरा

शिनोलीच्या पुढं आमचं भाताचं शेत आहे. उन्हाळ्यात तिथं एक पाहुणा आला आणि तंबू ठोकू का म्हणाला. मी म्हणालो, "ठोका की पावणं, जागेचं काय घ्यायचं तुमच्याकडून!" माणूस भलताच नीटनेटका. चपला जोडीनं ठेवायचा, बिस्किटाचा कागदसुद्धा घडी घालून खिशात टाकायचा.

सकाळी चहा घेऊन मी न् बायको गेलो, तर बांधावर नुसती राख. रोपं टाकायच्या आधी वाफा भाजावा लागतो. त्यासाठी तिनं डोंगरावरून डोक्यावर वाहून आणलेला पालापाचोळा न् फांद्या त्यानं शेकोटीत घातल्या होत्या.

"काका, तुमचा सगळा कचरा जाळून टाकला," तो हात झटकत म्हणाला, आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

"कचरा? राब व्हता त्यो आमचा!" मी ओरडलो. "तंबूला इचारलं, मग काडी लावताना काय झालं व्हतं?"

"सॉरी काका, मला वाटलं असंच पडलंय."

बायकोनं चहाची किटली त्याच्यापुढं ठेवली, घरून कोयता न् दोरी घेतली आणि पुन्हा डोंगराची वाट धरली.

चहा पीत तो तिच्याकडं कौतुकानं बघत राहिला. म्हणाला, "काकू या वयातही किती फिट आहेत ना!"