तोटी वर खेचली
पान्याला वाट करून देन्यात माझा हात अख्ख्या पनवेलीत कोनी धरला नसता. फकस्त नळ तेवढा मला उघडता आला नाय. पेंढा जळल्याचा वास आला की आजबी कान गरम होतात. आमच्या शेजारच्या एकट्या म्हातारीच्या पेंढ्याच्या छपराला एके सकाळी आग लागली. म्युनिसिपालटीचा नळ रस्त्यावर नवाच बसला होता. हंडे घेऊन आलेल्या बायकांना मी बोललो, "सरका गो, आमी मिठागरावरची मानसं!" भरतीचं पानी आत घ्यायला आमी बांधाच्या दारातली फळी वर खेचतो, तशी तोटी दोनी हातांनी वर खेचली. ती उपटूनच आली. पानी सगळं माझ्या अंगावर, हंड्यात थेंब नाय, आन आग वाशांवर चढलेली. बायका तळ्याकडं धावल्या, म्हनून निम्मं घर तरी वाचलं. मी निथळत उभा. म्हातारी बोलली, "मेल्या, घर जळत होतं, तू नाय."