हजेरीत एक दिवा कमी

सोनवणे साहेब गेल्याचं मला तेवीस दिवसांनी कळलं, तेही एका बंपरच्या निमित्ताने. लोणी काळभोरला सोलापूर रस्त्यावर माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. विमा कंपनीचा एक तरुण सर्व्हेअर अपघातातली गाडी बघायला आला होता. हल्लीचे सर्व्हेअर गाडीला हात लावत नाहीत, मोबाइलवर फोटो काढतात आणि जातात. मी सवयीने म्हणालो, "सोनवणे साहेब असते तर आधी गुडघे टेकून गाडीखाली शिरले असते." फोटो काढता काढताच तो म्हणाला, "सर गेले ना मागच्या महिन्यात. तुम्हाला माहीत नाही?" मी "हो, हो" म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक... इतक्या वर्षांचा माणूस गेला आणि आपल्याला कुणी कळवलंसुद्धा नाही, हे परक्यासमोर कबूल करायची लाज वाटली असेल. तो गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि आत बसून राहिलो. कुणाला तरी फोन करून सांगावं म्हणून मोबाइल हातात घेतला, पण एकही नाव सापडेना. त्यांच्या मुलीखेरीज आम्हा दोघांना जवळून ओळखणारं तिसरं माणूसच नव्हतं.

गौतम सोनवणे विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासायचे. राहायला येरवड्यात. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. देशाची दारं उघडली असं पेपरात रोज छापून यायचं आणि आमच्या दारात मात्र त्याच दोन-तीन जुन्या जातींच्या गाड्या उभ्या असायच्या. साहेब स्कूटरवरून आले, खिशातून खडू काढला आणि गाडीला एक फेरी मारून पत्र्यावर खुणा केल्या. गोल म्हणजे दुरुस्ती, फुली म्हणजे बदली. एका दारावर त्यांनी फुली मारली. मी तेव्हा तरुण होतो आणि हातात हातोडी असली की जगाला शहाणपण शिकवायला निघायचो. ओल्या फडक्याने ती फुली पुसली आणि तिथे गोल काढला. "साहेब, हे दार मी ठोकून काढतो की. नवं कशाला पायजे?" त्यांनी माझ्याकडे नाही, फडक्याकडे बघितलं. म्हणाले, "ठोका. उद्या चार वाजता येतो. नाही निघालं तर हेच फडकं घेऊन गोल पुसायचा." दुसऱ्या दिवशी चारला आले, डोळे मिटून दारावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "बरं आहे." पुण्यात याहून मोठी शाबासकी नसते हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे मी दोन दिवस रुसलो होतो.

त्यांची आणखी एक सवय होती. गाडी कितीही चेपलेली असो, बॅटरी शाबूत असली तर ते आत बसून किल्ली अर्धी फिरवायचे. किल्ली फिरवली की मीटरमधले इशाऱ्याचे सगळे दिवे आधी एकदम पेटतात आणि मग बरेचसे विझतात. जो विझत नाही तिथे बिघाड. साहेब याला हजेरी म्हणायचे. बोट ठेवून एकेक दिवा मोजायचे, वर्गात मास्तर मोजतात तसे. पुढे आयटीवाले आले, कर्ज घेऊन घेतलेल्या नव्या गाड्या आल्या, आणि हजेरीतली पोरं वाढत गेली. पूर्वी चार दिवे होते, ते दहा-बारा झाले.

माझं आणि त्यांचं खरं भांडण इथेच सुरू झालं. एक वर्षाची, दीड वर्षाची गाडी, रंगावर ओरखडा नाही, आणि साहेब लिहायचे 'टोटल लॉस'. म्हणजे दुरुस्त करण्यात अर्थ नाही, विमा कंपनीने मालकाला गाडीची भरपाई द्यावी आणि गाडी भंगाराच्या व्यापाऱ्याला विकून टाकावी. मला ते बघवायचं नाही. आमच्या घरात बैल म्हातारा झाला तरी बाजार दाखवत नसत, आणि इथे तरणीताठी गाडी कापायला निघालेली. मी चिडून म्हणायचो, "साहेब, तुम्ही डॉक्टर नाही, थेट जाळायला नेणारे आहात." ते शांतपणे समजावायचे. पूर्वी गाडी म्हणजे पत्रा आणि इंजिन, तुमच्या हातोडीला ऐकणारं. आता नाकावर जरा आपटली की दोन एअरबॅग फुटतात, त्यांच्यासोबत डॅशबोर्ड जातो, पट्टे जातात, काच जाते, आणि सुटे भाग घेऊन गाडी जुळवायला बसलं तर नव्या गाडीच्या किमतीच्या घरात बिल जातं. पाणी शिरलेल्या गाडीचं तर विचारूच नका. "तुम्हाला रंग दिसतो," ते म्हणायचे. "मला सीटखालचा गालिचा दिसतो. आज चालेल हो ती. दोन वर्षांनी एखाद्या वायरला बुरशी येईल आणि नको तेव्हा दगा देईल. तेव्हा आत कोण बसलेलं असेल ते आपल्याला माहीत नसतं." मग व्यापारी यायचा, गाडी ट्रकवर चढवायचा. कुणी सुटे भाग काढून विकायचा, कुणी अख्खीच दुसऱ्या राज्यात न्यायचा, आणि तिथे ती कुणाच्या तरी दारात पेढे वाटून नवी म्हणून उभी राहायची. साहेबांना हे ठाऊक होतं. ते म्हणायचे, माझी सही कागदापुरती, पुढे ज्याची त्याची सदसद्विवेकबुद्धी.

एका पावसाळ्यात नदीकाठच्या एका इमारतीच्या तळघरात पाणी भरलं आणि त्यात एक चंदेरी गाडी बुडाली. जेमतेम वर्षाची. साहेबांनी गालिचा उचलला, खाली बोट फिरवून गाळ मला दाखवला आणि टोटल लॉस लिहून मोकळे झाले. माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळला. व्यापाऱ्याकडून ती गाडी मीच घेतली. सीटा काढून उन्हात वाळवल्या, दारांचं अस्तर सोडवलं, वायरी एकेक करून धुतल्या आणि पुसल्या. सव्वा महिना दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. गाडी सुरू झाली तेव्हा मी एकटाच गॅरेजमध्ये हसत होतो. फक्त एक दिवा विझेना. एअरबॅगचा. तो विझवायचा तर आतलं सगळं नवं घालावं लागणार होतं आणि मग माझ्या सव्वा महिन्याला काही अर्थ उरत नव्हता. मी मीटर उघडलं आणि तो बल्बच काढून टाकला.

चार दिवसांनी साहेब दुसऱ्या कामासाठी आले. चंदेरी गाडी झाडाखाली पुसून उभी होती. त्यांनी ओळखली. आत बसले, किल्ली फिरवली, बोट ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. मी बाहेर उभा होतो. ते उतरले, दार हलक्या हाताने लावलं. म्हणाले, "काम सुंदर केलंय. पण हजेरीत एक पोरगं कमी आहे." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही त्याचं नाव पटावरून काढलंत. आता ते कधीच गैरहजर दिसणार नाही." मग म्हणाले, "मी हिच्यावर फुली मारलेली आहे, ती पुसू नका. कापून टाका. दुसऱ्याकडून नको, तुमच्या हाताने." मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो, हे कुणाला पटणार नाही, पण तेव्हा खरंच मनापासून म्हणालो होतो.

पंधरा दिवसांत मी ती गाडी जुन्या गाड्यांच्या एका दलालाला विकली. पुराचं सांगितलं नाही, दिव्याचंही नाही. पैशापेक्षा मोह वेगळाच होता... ती रस्त्यावर पळताना मला बघायची होती. साहेबांनी पुढच्या खेपेला विचारलं, "काय झालं तिचं?" मी म्हणालो, "कापली. गॅस कटर लावताना हात थरथरला, साहेब." हे दुसरं वाक्य बोलायची काही गरज नव्हती, पण खोट्याला नेहमी थोडी सजावट लागते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्या माणसाने जन्मभर कुणाच्या शब्दावर साधा आरसा पास केला नाही, त्याने माझ्या 'कापली'वर टॉर्च मारून पाहिली नाही. कुठे कापली, तुकडे कुठे आहेत, काही विचारलं नाही.

आणि त्यानंतर ते माझे मित्र झाले. काम नसतानाही रविवारी सकाळी येरवड्याहून यायला लागले. गॅरेजसमोरच्या चिंचेखाली बसून वेफर्सची पुडी फोडायची, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांची टवाळी करायची, मुलीच्या कॉलेजचं सांगायचं. पत्नी वारल्यावरचं पहिलं बोलणंही ते माझ्याशीच बोलले. म्हणाले, "घरात दोन ताटं घेतो हो मी अजून." अशा माणसासमोर बसून मला एकटं वाटायचं, हे सांगितलं तर विचित्र वाटेल. पण त्यांची मैत्री ज्या माणसाशी होती तो मी नव्हतो. तो गॅस कटर लावताना हात थरथरलेला माणूस होता. मी त्याच्या जागी बसून त्याचे वेफर्स खात होतो. किती तरी रविवारी वाटलं की आज सांगावं. मग ते एखादा विनोद करायचे आणि रविवार संपायचा. ते दम्याने खचले, त्यांचं येणं थांबलं, तेव्हा येरवड्याला जायची पाळी माझी होती. मी दोनदा गेलो. नंतर कामाचं कारण काढत राहिलो. खरं कारण हे की, आजारी माणूस फार बारकाईने तोंडाकडे बघतो.

बातमी कळल्यावर दुसऱ्या दिवशी गेलो. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता, बुद्धाच्या तसबिरीशेजारी साहेबांचा फोटो लागला होता. त्यांची मुलगी उज्ज्वला खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कळवलं नाही म्हणून तीच माझी माफी मागायला लागली. "काका, बाबांचा फोन बंद पडला, त्यातच सगळे नंबर होते." मग पाणी देत म्हणाली, "नवीन सर्व्हेअर घरी शिकायला यायचे ना, त्यांना बाबा तुमची गोष्ट सांगायचे. लोणीला एक माणूस आहे, म्हणायचे. सव्वा महिना खपून गाडी उभी केली आणि एका दिव्यासाठी स्वतःच्या हाताने कापली. असा एक जरी माणूस धंद्यात असला तरी आपली फुली फुकट जात नाही." माझ्या हातात पेला होता. तिने विचारलं, "तुम्हाला तेव्हा रडू आलं होतं ना?" मी मान डोलावली. पेला खाली ठेवला आणि आणखी दहा मिनिटं बसून निघालो.

आता गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीत मी किल्ली अर्धी फिरवतो आणि बोट ठेवून मोजतो. परवा त्या दलालाला शोधून काढलं. त्याला पुसटसं आठवतंय. आधी कोथरूडच्या एका कुटुंबाने घेतली, मग त्यांनी बदली झाल्यावर मराठवाड्यात कुणाला तरी दिली, पुढचं माहीत नाही. आयुष्यभर मी गाड्या वाचवल्या. आता रोज मनात म्हणतो की निदान ती तरी कुठेतरी भंगारात गेलेली असू दे. पण तसा भरवसा नाही. माझा हात चांगला आहे, गाड्या टिकतात. म्हणून वाचकांना हात जोडून विनंती आहे, चंदेरी रंगाची जुनी गाडी दारात असेल तर उद्या सकाळी किल्ली अर्धी फिरवा आणि एअरबॅगचा दिवा क्षणभर तरी पेटतो का बघा. पेटलाच नाही तर तिच्यात मुलाबाळांना बसवू नका. लोणी काळभोरला घेऊन या. जे करायचं राहिलंय ते मी करीन, आणि गाडीची किंमतही भरून देईन.

आणि उज्ज्वला, हा लेख तू वाचशील हे मला माहीत आहे. तुझ्या बाबांनी सांगितलेला लोणीचा तो माणूस मी नाही. मी ती गाडी विकली.