मिश्री सोडल्यावर राहिलेला डाग

तंबाखूची मिश्री मी नातवाच्या बारशाला सोडली. सून म्हणाली, बाळाचा मुका घेताना वास येतो. राग आला, पण डबी चुलीत टाकली. वर्ष झालं तरी तोंडात टाळूवर पडलेला काळा डाग गेला नाही. मिश्री लावणाऱ्या बाईचं तोंड काळं असायचंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं थोरल्या जावेनं. गडमुडशिंगी गावात आम्हा दोघींच्या घरांत एकच भिंत. शेंगा फोडत बसलो होतो. मी जांभई दिली, तशी ती म्हणाली, "चोरून लावतीस व्हय गं?"

"न्हाय लावत, अक्का."

"मग टाळूला काय काजळ घातलंयस? सुनंला फसीव, मला नको."

आठ दिवस तिनं हेच लावून धरलं. गल्लीतल्या बायकाही हसायला लागल्या. शेवटी तिला खोटं पाडायचं म्हणून मी कोल्हापूरला दातांच्या डॉक्टरकडं गेले. म्हटलं, हा डाग जुना आहे असं कागदावर लिहून द्या. त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली.

तिथं तुकडा काढून तपासला. मेलॅनोमा निघाला. हा कॅन्सर बहुतेक कातडीवर होतो, तोंडाच्या आतल्या अस्तरात क्वचित. मिश्रीनं झाला का, विचारलं. तसं सांगता येत नाही म्हणाले. टाळूचा भाग आणि मानेतल्या गाठी काढायचं ठरलं. गाठींत पसरला असेल तर पुढं फारसं काही हातात नाही, हेही सरळ सांगितलं. ते बरं केलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण सही घ्यायला आली. ऑपरेशनात निघणारा तुकडा तिला अभ्यासाला हवा होता. म्हणाली, "मावशी, कॅन्सरच्या पेशींवर काही खुणा असतात. त्यांना अँटिजेन म्हणतात. त्या कळल्या तर शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना शिकवता येईल, की ही खूण दिसली की मारा."

"म्हंजे भांड्यावर नाव घालत्यात तसं. लग्नात भांडी एकात एक मिसळली तरी आपलं कळतंय."

ती हसली. "तसंच. पण तुमचा आजार इतका कमी दिसतो, की त्याच्यावर कुठली नावं असतात तेच आम्हाला नीट माहीत नाही."

"मला औषध मिळंल त्यातनं?"

"नाही. आता तरी नाही. पुढं कुणाला तरी मिळेल."

खोटं बोलली नाही म्हणून मी सही केली. चौथीपर्यंत शिकले आहे, नाव नीट लिहिता येतं.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. टाळूच्या भोकावर खोटी पट्टी होती, तरी बोलताना हवा नाकातून जायची. जाऊ रोज पातळ पेज घेऊन यायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठायची नाही. मग डॉक्टर आले. कडा स्वच्छ, मानेतल्या गाठींत काही नाही. जावेनं पदरानं नाक पुसलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "बघा, म्हंजे मिश्री लावत नव्हती ही. खरं बोलत हुती."

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तपासणीला जाते, काही निघत नाही. डॉक्टरणीनं मागं सांगितलं, त्या तुकड्यावर शोधलेल्या खुणांपैकी काही सापडल्या, काही नाहीत. औषध अजून लांब आहे म्हणाली.

जाऊ अजून मिश्री लावते. महिन्याला एकदा काळं बोट माझ्या हनुवटीला लावून म्हणते, "आ कर." मी करते.