सुटणारा सांधा

कारखान्यात तिला सगळे घडीताई म्हणायचे आणि तिला ते मनापासून आवडायचं. माहेरचं नाव लग्नात बदललं, सासरचं तिने स्वतः टाकून दिलं. हे नाव मात्र तिने हाताने कमावलं होतं. खोक्यांच्या त्या कारखान्यात ती नमुने बनवायची. काचेच्या बरण्या असोत की टेबलावरचा पंखा, गिऱ्हाईक वस्तू ठेवून जायचं आणि घडीताई पुठ्ठ्याचा कोरा ताव घेऊन तिच्यामागे लागायची. मोजपट्टी, सुरी आणि घडी दाबून पक्की करायची हाडाची एक चपटी पट्टी, एवढीच तिची हत्यारं. खोका झाला की ती तो जमिनीवर आपटायची, वर स्वतः बसायची आणि तरी तो उभा राहिला तर त्याच्या तळावर सही करायची. तिच्या सहीशिवाय नमुना यंत्रावर चढवायचा नाही, ही तिथली रीत होती. मालकाने स्वतः घाई केली तरी यंत्रावरचा माणूस आधी खोका उलटा करून बघायचा आणि विचारायचा, "सही कुठेय?"

बाई फटकळ. तिच्या जिभेला हाड नाही, ते सगळं त्या पट्टीत गेलंय, असं मालक म्हणायचा. म्हणायचा आपला, पण तिच्यावाचून त्याचं पान हलत नव्हतं.

एकदा खेळण्यांच्या एका कंपनीचे खरेदीसाहेब प्लास्टिकचा किल्ला घेऊन आले. त्याला खोका हवा होता. घडीताईने किल्ला उलटापालटा केला, मापं घेतली आणि कुणी न विचारता सांगितलं, "खोका मी छान करून देईन. पण किल्ला दोन दिवसांत कोपऱ्यात पडेल आणि पोरं खोक्यात जाऊन बसतील."

मालकाला ठसका लागला. साहेब मात्र हसले. "मग खोक्याचंच खेळणं करून दाखवा की," ते म्हणाले. बोलून चालून थट्टाच, पण घडीताईने ती गाठीला बांधली.

दुसऱ्या दिवसापासून कातरणाच्या ढिगातले बरे तुकडे तिच्या पिशवीतून घरी जाऊ लागले. तिची खोली रस्त्याच्या एका बाजूला आणि थोरल्या भावाचं घर बरोबर समोर. भाऊ सुतार. आता थकला होता, तरी खुर्चीच्या पायावरून हात फिरवल्याशिवाय तिच्यावर बसायचा नाही. ही तरुणपणी सासर सोडून आली, तेव्हा तो हातात रंधा घेऊन उंबऱ्यात उभा राहिला होता. "सांधा सुटला की सुताराची लाज जाते," तो म्हणाला होता. "परत जा." ती परत गेली नाही. समोरची खोली घेतली, खोक्यांच्या कारखान्यात चिकटली आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्याच घरी जेवायला जाऊन त्याच्याशी वाद घालत राहिली. तो मात्र तिच्या खोलीचा जिना कधी चढला नाही. तिचं ते स्वतंत्र बिऱ्हाड त्याला मान्य नव्हतं. तिनेही कधी "ये" म्हटलं नाही. दोघं एकाच मातीचे, दुसरं काय.

खेळण्याचा पहिला संच तिने भावाच्या घरीच नेला, कारण तिथे भिंगरी होती. भिंगरी म्हणजे भावाची नात. एका जागी बसेल तर शपथ. पुठ्ठ्याचे चौकोन, कडा दुमडून ताठ केलेल्या, एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला पुठ्ठ्याचीच जीभ. जिभेच्या टोकाला दोन कान. जीभ खाचेत सारली की पलीकडे कान उघडायचे आणि टकदिशी बसायचे. ना डिंक, ना दोरा. भिंगरीने बघता बघता घर उभं केलं. भावाने ते हलवून पाहिलं, भिंतीवर टिचकी मारली आणि मान डोलावली. त्याने तिच्या कामाला मान डोलावण्याची ही पहिलीच वेळ.

मग भिंगरीला जहाज करायचं होतं. तिने छप्पर ओढलं. ते येईना.

"आत्याआजी, हे निघत नाही."

"पक्कं बसलंय, म्हणजे चांगलं बसलंय," घडीताई जरा ऐटीतच म्हणाली.

भिंगरी घराकडे बघत राहिली. "म्हणजे आता हे कायम घरच राहणार?"

असं म्हणून तिने दोन्ही हातांनी हिसका दिला आणि भिंत फाटली. पोरगी रडली नाही, फक्त बाजूला झाली आणि चमच्यांशी खेळू लागली. भाऊ खुर्चीतून म्हणाला, "सांधा झकास होता हो. पोरीलाच धीर नाही."

ती स्तुती घडीताईला खडा लागावा तशी लागली. फाटलेलं घर गोळा करून ती रस्ता ओलांडून वर आली आणि कितीतरी वेळ ते टेबलावर ठेवून बसली. चूक तिला दिसली होती. वाटेत उघडला तर तो खोका कसला, हे शिकण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. हाताला वळण पडलं होतं बंद करायचं, आणि त्या हातांनी खेळण्याचाही खोकाच केला होता. राग आला तो याचा, की सुटायचं म्हणजे काय ते या गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिनेच कान लावले.

कान कापले तर घर फुंकरीने पडू लागलं. जीभ रुंद केली तर खाच चिरायची, अरुंद केली तर ती लोंबायची. शेवटी तिने जिभेला मधोमध किंचित पोट दिलं आणि पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी आडव्या होत्या त्या उभ्या घेतल्या, म्हणजे जीभ दुमडत नाही. आता ती खाचेत जाताना थोडी कुरकुरायची, बसली की बसायची आणि सरळ ओढली की निघायची. भिंगरीने घराचं जहाज केलं आणि मग जहाजाची म्हैस. म्हशीला पाच पाय होते. घडीताईने सगळं सोडवलं, एक चौकोन उलटा केला आणि त्यावर सही केली.

इकडे मालकाने तेवढा दम धरला नव्हता. कानवाल्याचा एक जादा संच तिने आधीच कारखान्यातल्या टेबलावर ठेवला होता, तो त्याने साहेबांना दाखवूनही टाकला होता. साहेब आले तेव्हा दोन्ही नमुने समोर होते. त्यांनी कानवाला उचलला.

"हा करू या. याच्यावर किल्ला छापायचा, विटाबिटांसकट. दुसरा सुटतो."

"सुटायलाच हवा," घडीताई म्हणाली. "तो कानवाला चुकलेला आहे."

"चुकलेला नाही हो, हुशार आहे." साहेब गोड बोलत होते, माणूस वाईट नव्हता, धंद्यातला होता. "सुटला तर पोर एकाच पेटीवर वर्षं काढेल. नाही सुटला की किल्ला झाला, खेळ संपला. मग गाडीची पेटी, मग जहाजाची."

मालकाने पेन पुढे केलं. "ताई, सही करा."

"नाही करणार."

"ताई, खेळणं आहे ते."

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो," ती म्हणाली. "ती चूक माझ्या हातची आहे. ती मी पोरांच्या गळ्यात बांधणार नाही."

"आणि यंत्रावरच्या माणसांचं काय? काम नाही मिळालं तर ते काय खातील?"

हे तिला लागलं. मालकाला कुठे मारायचं ते नेमकं ठाऊक होतं. ती काचेपलीकडच्या माणसांकडे बघत राहिली. सगळी ओळखीची, सगळ्यांच्या घरी चूल. मग म्हणाली, "तुम्हाला करायचंच असेल तर कारखाना तुमचा आहे, सही तुमची करा. माझी नाही मिळणार."

मालकाने सही केली. यंत्रावरच्या माणसाने सवयीने नमुना उलटा केला, सही पाहिली, मग काचेतून घडीताईकडे पाहिलं. तिने मान वळवली, त्याला अवघड जाऊ नये म्हणून. यंत्र सुरू झालं. तिने आपली हाडाची पट्टी आणि सुटणारा नमुना पिशवीत टाकला.

"नोकरी सोडा असं कोण म्हणालं?" मालक मागून आला.

"जिथे माझी सही लागत नाही, तिथे माझे हात कशाला अडकवू?"

आता कुणी म्हणेल, हा शुद्ध अडेलतट्टूपणा. म्हणू देत. भाऊ तर म्हणालाच, "चांगली बसलेली घडी मोडलीस. आधी घराची, आता पोटाची." तिने त्याच्या पानात आमटी वाढली आणि ऐकून घेतलं नाही.

पुठ्ठ्याचे किल्ले दुकानांत आले आणि खपलेही. घडीताई ओळखीच्यांची लहानसहान खोकी करून दिवस ढकलत होती. एका दुपारी शेजारची पोरगी किल्ला घेऊन दारात उभी राहिली. तिला बुरुजाचा दवाखाना करायचा होता आणि बुरूज निघत नव्हता. घडीताईने किल्ला पाहिला. आपलेच कान. तिने हाडाची पट्टी जिभेच्या बाजूने आत सरकवली, कान दाबला, दुसरीकडून तेच केलं आणि बुरूज अलगद हातात आला. पोरगी धावत खाली गेली.

मग काय, गावभर बोभाटा. जिन्यावर किल्ल्यांची रांग लागू लागली. घडीताईने कातरणातून प्रत्येकाला तशीच पट्टी कापून दिली, कान कुठे दाबायचा ते एकदा दाखवलं आणि बजावलं, "आता माझ्याकडे यायचं नाही. आपला आपण सोडवायचा आणि दुसऱ्याला शिकवायचं." दुकानदार म्हणू लागले, दुसरी पेटी मागायला कुणी येत नाही.

मालक स्वतः जिना चढून आला, धापा टाकत. "ताई, तुम्ही माझी ऑर्डर बुडवताय."

"खोका केला की तो उघडायचा कसा, हे सांगणं नमुनेवालीचं कामच आहे. तेवढं राहिलं होतं, ते करतेय."

त्याने पाणी मागितलं, प्यायला. खिडकीत सुटणारा नमुना होता. त्याने तो उचलला, सवयीने उलटा केला, सही बघितली आणि परत ठेवला. मग जिना उतरला. घडीताईनेही त्याला थांबवलं नाही. यायचं असेल तर येईल, जिना काही कुठे जात नव्हता.

आणि एका सकाळी त्याच जिन्यावर जड, थांबत थांबत येणारी पावलं वाजली. दारात भाऊ. काखेत भिंगरीचा किल्ला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"भिंगरीला पाठवायचं होतंस," ती म्हणाली.

"ती म्हणते, आत्याआजी ज्याचं त्याला करायला लावते." तो उंबऱ्याशीच उभा होता. "तिने माझ्या हातात दिला. म्हणाली, आजोबा, तुम्ही सुतार ना, सोडवा. पण मलाच सुटेना."

"आत ये."

तो आत आला. खुर्चीच्या पायावरून हात फिरवला आणि बसला. किल्ला पुढे केला. "दे सोडवून."

"नाही. तूच सोडव." तिने हाडाची पट्टी त्याच्या हातात ठेवली. "ओढू नकोस. आत सार आणि कान दाब."

आयुष्यभर सांधे ठोकलेल्या त्या हाताने पट्टी पटाशीसारखी धरली. पट्टी आत गेली, कान दबला, जीभ एका बाजूने मोकळी झाली. भावाने खाचेवरून अंगठा फिरवला.

"फाटलं नाही," तो म्हणाला.

"नाही फाटत. बाहेरून ओढलं की फाटतं."

त्याने किल्ला दुसऱ्या बाजूला वळवला. मग खाली बघूनच म्हणाला, "तेव्हा मी तुला परत जा म्हणालो होतो."

"हो. आणि मी गेले नाही."

"बरं केलंस."

"ते मला तेव्हाच माहीत होतं, दादा," ती म्हणाली. "आता तो दुसरा कान दाब."