मी निवडलेली अमावास्या

उन्हात तापलेल्या खाजणाला एक वास असतो. ओल्या चिखलाचा, वाळत आलेल्या शेवाळाचा, आणि त्या दोहोंखाली आधी जिभेला कळतो आणि मग नाकाला, असा एक खारा, धारदार वास. पेणच्या खाडीकडे जाणारी वाट धरली की तो समोरून चालत येई. माझ्यासाठी तो वास म्हणजे कुंदा. आणि कुंदा म्हटलं की जे आठवतं, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, विद्यार्थिनींना नाही. ज्या कवितांत मी माझं बहुतेक सगळं ठेवून दिलं, त्यांतही नाही. तुम्हाला सांगते आहे. आवाज आता स्थिर आहे, तेव्हा सरळच सांगेन — निदान तसा प्रयत्न करीन.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. माझं घर रोह्याजवळ वरशाला. वडील तिथल्या एका रासायनिक कंपनीत शिफ्टला जात. पेणच्या महाविद्यालयात मराठी विशेष चांगलं शिकवतात, म्हणून मला मावशीकडे ठेवलेलं. विशेष विषय घेणारी आम्ही मोजकीच मुलं, पण आमचा थाट वेगळा होता. शनिवारची व्याख्यानं, भित्तिपत्रक, काव्यवाचन, पावसाळ्यानंतरची अभ्याससहल — हे सगळं आमचं. मी त्या वर्गाची प्रतिनिधी होते. आमचे मराठीचे सर काहीही ठरवायचं झालं की मला बोलावत, आणि मला ते फार आवडे. कुणाला आवडणार नाही?

कुंदा मिठागरावरची. वडिलांनी खंडाने घेतलेलं आगर, त्यावर सारं घर राबायचं. ती वर्गात मागे बसे, कमी बोले, आणि बोलली की सर खडू खाली ठेवून ऐकत. मी वाचून शिकले होते की शब्दाला रंग असतो, वजन असतं. तिला ते कुणी शिकवलंच नव्हतं. वाफ्यात मीठ धरू लागतं तेव्हा पाण्यावर पहिली साय येते. त्या सायीबद्दल ती एकदा भित्तिपत्रकात लिहून गेली, आणि त्या अंकातली माझी कविता कुणालाच आठवली नाही. मी तिचं अभिनंदन केलं. मनापासून केलं, असं तेव्हा मला वाटलं.

आम्ही मैत्रिणी होतो, हेही खरं. सुटीच्या दिवशी मी तिच्या आगरावर जाई. तिची आई मला पाहताच म्हणे, "आली कंपनीवाल्याची लेक! चपला काढू नको गो, पायाचा पापड होईल तुझ्या." कुंदा हसे. बांधावर बसून तिनेच मला भरतीचं गणित शिकवलं. अष्टमीला भांग, पाणी आळशी, बांधाच्या पायाशीच घुटमळतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, भर दुपारी खाडी अशी फुगते की बांधाच्या कडेला लागते. तेव्हा घरातलं झाडून सारं माणूस बांधावर हवं. उघाडीतून, बांधातल्या त्या दारातून, हवं तेवढंच पाणी आत घ्यायचं, आणि बांध कुठे पाझरला तर तिथेच चिखल भरायचा. एक भगदाड पडलं तर वाफ्यांतलं तयार मीठ पुन्हा पाणी होऊन जातं. "समुद्रानं दिलं, समुद्रानं नेलं. मंग बोंबलायचं कुनाच्या नावानं?" ती म्हणाली होती.

हे सारं तिने मला शिकवलं. पुढे जे झालं ते मी अजाणता केलं नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

शेवटच्या वर्षी, मार्चच्या सुमारास सरांनी मला खोलीत बोलावलं. मुंबईला विद्यापीठात गुणवंत विद्यार्थ्यांचं उन्हाळी शिबिर होणार होतं. मोठं ग्रंथालय, नावाजलेले प्राध्यापक. आणि शिबिरात निवडलेल्या मुलांना एम.ए.ला प्रवेश आणि वसतिगृहात खोली, फीमाफीसह. आमच्या महाविद्यालयाला एकच जागा होती. निवडीसाठी विद्यापीठातून एक बाई मुलाखती घ्यायला येणार होत्या. सरांच्या डोळ्यांपुढे कोण होतं, ते मला कळत होतं. त्यांनी ते लपवलंही नाही. "कुंदाला नीट सांग. तिच्यासाठी हे फार मोठं आहे," ते म्हणाले. माझ्यासाठी? माझ्या वडिलांनी मला मुंबईला पाठवायचं कधीच कबूल केलं होतं. मला ती जागा लागत नव्हती. मला फक्त ती कुंदाला मिळायला नको होती.

पाहा, हे वाक्य उच्चारायला मला इतकी वर्षं लागली.

मग सरांनी विचारलं, "बाईंना या सोमवारी जमेल, किंवा पुढच्या. दुपारी बाराला. कोणता ठेवू?"

मावशीच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिका टांगलेली असे. तिच्यावरचं अमावास्येचं काळं वर्तुळ मी सकाळीच पाहिलं होतं, पुढच्या सोमवारच्या चौकटीत. या सोमवारी अष्टमी. मी क्षणभर थांबले का? थांबले. बाहेर कुणीतरी नळाखाली बादली लावली होती. ती भरत गेली तसा तिचा सूर चढत गेलेला मला आजही ऐकू येतो. मग मी म्हणाले, "पुढचा ठेवा, सर. सगळ्यांना तयारीला वेळ मिळेल."

"शाबास," सर म्हणाले. "प्रतिनिधी असावी तर अशी."

एवढंच असतं तर कदाचित मी त्याला घाई म्हटलं असतं, विसर म्हटलं असतं. पण माझी गोष्ट तिथे संपत नाही.

मीठ ओढण्याचे दिवस, म्हणून कुंदा त्या आठवड्यात वर्गात येत नव्हती. निरोप घेऊन मी संध्याकाळच्या एस.टी.ने गेले. ऐकताना तिचा चेहरा उजळत गेला, आणि मग तिने बोटांच्या पेरांवर तिथी मोजल्या. "अगो, त्या दिवशी तर आवस हाय."

मी म्हणाले, "हो का?"

हो का! दोन अक्षरं, पण तेवढ्यात मी किती सहज शिरले!

"बापसाचा हात अजून धड नाय. मी नसले तर उघाडीवर कोन ऱ्हाईल?" मग म्हणाली, "तू सरांना इचारशील? या सोमवारी घ्या म्हनावं. नायतर उधाण उतरल्यावर. तुझं ऐकतील ते."

"विचारते," मी म्हणाले.

मी विचारलं नाही. सर त्या दोन दिवसांत मला कितीदा भेटले! एकदा व्हरांड्यात, एकदा ग्रंथालयात, एकदा तर त्यांनीच विचारलं, "निरोप दिलास ना?" मी म्हटलं, दिला. तिसऱ्या दिवशी पुन्हा आगरावर गेले, आणि तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "विचारलं गं. बाईंना दुसरा दिवसच नाही."

तारीख निवडली ती मत्सराने. हे मात्र थंड डोक्याने केलं. या दोहोंत फरक आहे, आणि तो मला ठाऊक आहे.

कुंदाने माझ्यावर विश्वास ठेवला. सरांना स्वतः गाठावं, हे तिच्या मनातही आलं नसेल. मैत्रीण विचारून आली म्हणजे विचारून झालं.

सोमवारी बाई आल्या. कुंदा दिसेना, तेव्हा सर अस्वस्थ झाले. मी सांगितलं, घरी मिठाचं काम आहे. सर घाटावरचे. चिडून म्हणाले, "मीठ काय पळून जातंय का?"

मीठ पळून जातं, सर. उधाणात अख्खं पळून जातं. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मी खाली पाहत उभी राहिले.

मुलाखतीत बाईंनी विचारलं, "तुमच्या भागाबद्दल काही सांगाल?" मग मी काय सांगितलं असेल? मी उधाण सांगितलं. भांगाचं आळशी पाणी सांगितलं, पाण्यावरची मिठाची साय सांगितली. बाई पुढे झुकून ऐकत होत्या. मी छान बोलले. खोटी नम्रता दाखवत नाही, खरोखर छान बोलले. खिडकीबाहेर ऊन उभं होतं, आणि मी ज्या पाण्याचं वर्णन करत होते ते त्याच घटकेला तिच्या गुडघ्यांना लागत होतं.

बांध टिकला. तिसऱ्या प्रहरी कुंदा धावत आली, पिंढऱ्यांपर्यंत वाळलेला चिखल, वेणी सुटलेली. बाईंची जीप फाटकातून नुकतीच गेली होती.

"गेल्या व्हय?" ती म्हणाली. मग धाप लागलेली असतानाच हसली. "जाऊंदे. तुझं तरी नीट झालं ना गो? पेढे आन मंग. आईला दोन जास्त आन, ती कंपनीवाल्याची लेक म्हनून उगाच नाय तुला डोक्यावर घेत."

मी पेढे नेले. तिच्या आईने खाल्ले.

शिबिर झालं. वसतिगृहातली खोली मिळाली. पुढे पदवी, नोकरी, दोन संग्रह. त्या संग्रहांबद्दल कुणी म्हणालं की यात खाडीचं पाणी बोलतं, तर मी मान लववून आभार मानते. कुंदा बी.ए. झाली, चांगल्या गुणांनी झाली. मुंबईला जायला वाट उरली नव्हती, म्हणून पुढच्या हंगामात ती आगरावरच होती आणि त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन गेली. तिने नंतर काही लिहिलं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. ती सुखी असेल, असं म्हणून मी स्वतःला सोडवणार नाही. तिच्या सुखाचा आणि माझ्या कृत्याचा काही संबंध नाही.

मी तरुण होते, असंही म्हणणार नाही. तीही तेवढीच तरुण होती.

शिबिराहून परतल्यावर मी तिला भेटायला गेले. पाऊस तोंडावर आला होता, मिठाच्या राशी पेंढ्याने शाकारणं चाललं होतं. मला पाहून तिने हातातला भारा टाकला, पदराला हात पुसले आणि मला ओढून सावलीत बसवलं. मी तिला ग्रंथालय सांगितलं, पुस्तकांच्या उंच कपाटांना लावलेली शिडी सांगितली, प्राध्यापकांची नावं सांगितली, कोण कशावर काय बोललं ते सांगितलं. एवढी एक गोष्ट सोडून सगळं सांगितलं. हे सगळं सांगायला मी सुरुवात करण्याआधी ती माझ्यासमोर मांडी घालून बसली होती, हनुवटी तळहातांवर टेकून, तहान लागल्यासारखी, आणि तिने फक्त एवढंच म्हटलं होतं, "सांग."