ओनुफ्रीचा पंजा

रफिलाने नवऱ्याला पुरायच्या आधी त्याचा उजवा हात मनगटापासून कापून घेतला आणि मीठ लावून फडक्यात गुंडाळून ठेवला, ही बातमी एका रविवारात दरीतल्या तिन्ही गावांत फिरली. चर्चमध्ये धर्मगुरूंचं प्रवचन चालू होतं तेवढ्यात ती बायकांच्या बाजूकडून पुरुषांच्या बाजूला पोचली आणि प्रवचन संपायच्या आत थोडी जाडजूड होऊन परत आली: तो हात गळ्याशी नेला की घोडा ओळखीचा वास आल्यासारखा नाकपुड्या फुलवतो आणि गप्प उभा राहतो. हे डोळ्यांनी बघितलेले सात जण निघाले. सातांतले दोघे त्या वर्षी गावात नव्हते, पण असल्या किरकोळ अडचणीमुळे कुणी साक्ष द्यायचं थांबत नाही.

तिचा नवरा ओनुफ्री घोड्यांचा साज करायचा. जंगलातून ओंडके ओढणाऱ्या जोड्या त्याच्याकडे यायच्या. करायचा म्हणजे, खरं सांगायचं तर, शिवायची रफिला. तीस वर्षं तिनेच चामडं कापलं, पेंढा ठासून भरला, मेणाचा दोरा ओढला. ओनुफ्री साज घोड्यावर चढवायचा आणि त्सुइकाचा, म्हणजे आलुबुखाऱ्याच्या दारूचा, पेला घ्यायचा. नाव त्याचंच झालं. पण चढवण्यातच खरी मेख होती, हेही तितकंच खरं.

घोड्याचा सगळा जोर गळ्यातल्या जाड चामडी कड्यावर येतो. घोड्याने ओढ घेतली की ते कडं खांद्यावर मागे बसतं, आणि तेव्हा खाली, नरड्याच्या जागी, बोटं जुळवून उभा धरलेला पंजा रुंदीने सहज आत सरकला पाहिजे. सैल झालं तर खांदा सोलून निघतो. आवळ झालं तर सपाटीवर काही कळत नाही. चढाला घोड्याने मान खाली घातली की कडं वर सरकून श्वासनळीवर बसतं. ओनुफ्री आपला पंजा घालायचा, मान हलवायचा, झालं. गावात पट्टीने मापायची कुणाची रीत नव्हती. "किती ठेवू?" म्हटलं की गिऱ्हाईक म्हणायचं, "पंजाभर."

तो एका हिवाळ्यात छातीत कफ होऊन गेला. चाळिसाव्या दिवशी रफिलाने रीतीप्रमाणे त्याचे कपडे त्याच्या नावाने वाटून टाकले, म्हणजे पलीकडे तो उघडा राहू नये. कोट एकाला, बूट दुसऱ्याला. कामाचे हातमोजे शेजारच्या कोस्तानला दिले. कोस्तानची बायको अग्रिपिना म्हणाली, "आमच्या ह्यांना मोठे होतील." तरी घेतले. फुकटचं मोठंच बरं.

वसंतात पहिला आला स्पिरिदोन. त्याची जोडी दरीत नावाजलेली, डावीकडे रोइबू नावाचा तांबडा घोडा, उजवीकडे स्तेला घोडी. रोइबूचं कडं फाटलं होतं. थोरल्या बाईला तिकडे लेलिका म्हणतात, थोरल्या बाप्याला बादे.

"लेलिका, तुम्ही चढवाल ना?" त्याने विचारलं. "की आता बाजारातून आणू?"

"तीस वर्षं बाजारातून नेत होतास काय?"

"तसं नाही. बादे ओनुफ्री मापायचे म्हणून म्हटलं."

"पंजाभर ना? मलाही पंजा दिलाय देवाने."

तिने कडं शिवलं, चढवलं, घोड्याला दोन पावलं ओढायला लावलं आणि हात आत घातला. हात छान सरकला. स्पिरिदोन खूश होऊन गेला.

चौथ्या दिवशी दुपारी काळ्या ओढ्याच्या चढावर रोइबू गुडघ्यांवर आला. स्पिरिदोनला आधी वाटलं, पाय घसरला. त्याने आवाज दिला, शिव्या दिल्या, आणि घोडा आपला उठायच्या धडपडीत आणखी पुढे रेटत राहिला. पट्टे कापेपर्यंत खेळ संपला होता. रफिला त्या वेळी खाली ओढ्यावर चामडं भिजवत होती. तिने तो श्वास ऐकला. ओल्या लाकडावर करवत अडकावी तसा आवाज, लांबलचक, मग आखूड, मग नाही.

गावाने निकाल त्याच संध्याकाळी लावला: दृष्ट. दृष्ट लागू नये म्हणून लगामाला बांधलेला लाल गोंडा सकाळीच गळून पडला होता. कुणाची दृष्ट, यावर मात्र दोन आठवडे मजेत गेले.

रफिलाला झोप लागायची, खाणंही चालायचं, पण मेणाचा दोरा चामड्यातून ओढला की तो श्वास यायचा. लांबलचक, मग आखूड. ती हात थांबवायची. हात थांबला तरी चुलीवर मक्याच्या पिठाची मामालिगा रटरटताना तोच यायचा. दोरा बदलून बघितला, भांडं बदलून बघितलं. काय चुकलं ते तिला कळत नव्हतं. हात तर सरकला होता.

मग एक दिवस तिने कुंपणापलीकडे कोस्तानला लाकडं रचताना बघितलं. हातात ओनुफ्रीचे मोजे. बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. ती तशीच, हात न पुसता, त्यांच्या घरात गेली.

"अग्रिपिना, आमच्या ह्यांचा मोजा जरा दे."

अग्रिपिना पोळी लाटताना थबकली. "मेलेल्याच्या नावाने दिलेलं परत मागतेस? तिकडे त्याचा हात उघडा पडेल."

"परत नको. इथेच बसून बघते."

"बघायचंय काय मोज्यात?"

अग्रिपिनाने कोस्तानकडून आणून दिलेल्या मोज्यात रफिलाने हात घातला. करंगळीच्या पलीकडे दोन बोटं मावतील एवढी जागा उरली. तिने ती रिकामी जागा पुन्हा पुन्हा चिमटीत दाबून बघितली. मग मोज्यात लोकर ठासून भरली, मोजा एप्रनवर ठेवला आणि कोळशाने भोवती रेघ ओढली. अग्रिपिना लाटणं हातात धरून एकटक बघत होती. रफिला दाराबाहेर पडली, आणि अग्रिपिनाच्या डोक्यात विचार आत शिरला: मोजा बाईला कशाला लागतो? घालायला हात असेल तर. मग हात आहे कुठे? पुढचं रविवारी चर्चमध्ये झालं.

त्याच आठवड्यात स्पिरिदोनने नवा घोडा आणला, लुपू, काळा, रुंद छातीचा, घाईचा. स्तेलाच्या डावीकडे त्याला जुंपायचं होतं, आणि काम त्याच काळ्या ओढ्याच्या चढावर होतं.

"बाजारात जा," रफिला म्हणाली.

"का? माझं काही चुकलं?"

"माझ्याकडून नको घेऊस."

"लेलिका, लोक बोलतात ते मी मनावर घेत नाही," स्पिरिदोन म्हणाला, आणि नजर हळूच तिच्या फळीवरच्या फडक्यातल्या गुंडाळीकडे गेली. "उलट मला तर तेच हवंय."

तिने नवं कडं शिवून लुपूला चढवलं, त्याला ओढीत उभा केला, स्पिरिदोनला पाठ फिरवायला लावली, गुंडाळी काढली आणि कड्यात घातली. अडली. तिने कडं उतरवलं, पेंढा उपसला, पुन्हा शिवलं. पुन्हा अडली. तिसऱ्यांदा सरकली. मग पट्टे दोन्हीकडून सारखे केले, पोटाखालचा तंगपट्टा एक भोक सैल केला आणि म्हणाली, "मी वर येते."

कुणी तिला कधी चढावर बघितलं नव्हतं. ओंडका जुंपला, स्पिरिदोनने जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, जोडी निघाली. रफिला लुपूच्या डाव्या बाजूने, काळा रुमाल कानांवरून मागे सारून, चालत राहिली. जिथे रोइबू पडला होता तिथे माती अजून उखडलेली होती. लुपूने मान खाली घातली. कडं वर सरकलं. तिने डोळे मिटले, आणि पाय चालवत ऐकत राहिली. श्वास येत होता. जड, ओला, पण मोकळा. वरपर्यंत मोकळा.

माथ्यावर स्पिरिदोनने कांदा-भाकर काढली. ती समोर उभी राहिली.

"स्पिरिदोन, रोइबूला मी मारला."

"आता तुम्हीही सुरू झालात?" तो घास चावत म्हणाला. "दृष्ट होती. गोंडा मी स्वतः उचलला मातीतून."

"कडं आवळ होतं. माझ्या हाताने मापलं. हा बघ केवढा हात."

त्याने बघितला. "हात चांगला आहे. दुसऱ्याचं पाप ओढवून घेऊ नका. अग्रिपिनाच्या जावेची दृष्ट ती, सगळ्यांना माहीत आहे."

"मग हे फडकं तरी सोडून बघ."

स्पिरिदोन दोन पावलं मागे सरकला आणि त्याने छातीवर क्रूस काढला. "नको लेलिका. काम होतंय ना, मग नको. बादे ओनुफ्रींना तेवढा माझा नमस्कार सांगा."

तिने गुंडाळी एप्रनमध्ये घातली. आणखी अकरा वर्षं तिने साज चढवले, तीन गावांतले सगळे, आणि गिऱ्हाइकं दर वेळी सांगायच्या आधीच पाठ फिरवून उभी राहायची. त्यातला एकही घोडा चढावर पडला नाही. दोरा ओढताना तो श्वास मात्र येत राहिला.

फडक्यात अक्रोडाच्या लाकडाचा पंजा होता. एप्रनवरच्या कोळशाच्या रेघेवरून रफिलाने तो तीन दिवसांत कोरला. ओनुफ्रीला दोन्ही हातांसकट पुरलं. रोइबू दोन बोटं आवळ असलेल्या कड्याने गुदमरून मेला, आणि ते कडं रफिलाने चढवलं होतं.