वांग्याच्या वाफ्याला पुन्हा खत

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. नेरे गावातलं भातखाचर विकल्यावर त्यांच्या हाताला काम उरलं नाही, आणि हळूहळू त्यांना विसरायला व्हायला लागलं. गुडघेही वाकत नव्हते. म्हणून नवऱ्याने घरामागे विटांचे कमरेइतके उंच वाफे बांधून दिले, म्हणजे उभ्याउभ्या वांगी, मेथी लावता येईल.

मामा रमले. पण खत घातल्याचं त्यांच्या लक्षात राहीना. सकाळी मूठभर युरिया घालायचे, दुपारी पुन्हा. हिंजवडीच्या कामावरून मी दमून यायचे, तर ते परत पोत्यापाशी उभे.

“मामा, सकाळीच घातलंय.”

“कुणी? मी न्हाई घातलं. तू झाडं उपाशी मारशील.”

वाद घालायचं त्राण माझ्यात नसायचं. मोठ्या रानात जास्तीचं खत पसरून तरी जातं. वाफ्यात माती एवढीशी, सगळं तिथंच साठलं. वांगी आधी गर्द हिरवी झाली, पण नुसता पाला, फूल एक नाही. मग पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरा थर आला. मेथी पिवळी पडून बसली. आणि ती करपलेली पानं बघून मामा आणखी खत घालायचे. मी पोतं लपवलं, तर शेजारून वाटीभर मागून आणलं.

शेवटी एका रविवारी मी मेथी उपटली, वाफ्यांच्या बुडाची तुंबलेली भोकं तारेने मोकळी केली आणि साठलेलं खत धुऊन जावं म्हणून कितीतरी वेळ पाइप धरून उभी राहिले. कंबर भरून आली. नवऱ्याने युरियाचं पोतं रिकामं करून त्यात माती आणि कुजलेला पाला भरून ठेवला. मामांनी विचारलं तर नवीन खत आहे असं सांगायचं, हे आमचं ठरलं होतं.

मामांनी मूठ भरली, बोटांनी चोळली.

“ह्ये खत न्हाई.”

मला खोटं बोलवेना. “न्हाई मामा. पाला हाय नुसता.”

त्यांनी मूठ वाफ्यावर धरली. “मग ह्यो घालू का?”

“घाला. पायजे तेवढा घाला.”

दोन झाडं गेलीच. बाकीच्यांना नवी पालवी फुटली, उशिरा का होईना, वांगी लागली. मामा अजूनही दिवसभर मुठी टाकत असतात. मी आल्यावर त्यांचे हात धुऊन देते, नखांतली माती काढते, आणि मग कुठे पदर खोचून स्वयंपाकाला लागते.